न पाहिलेल्या चित्रपटांचा निषेध

आपल्या समाजात एक विचित्र प्रघात पडत चालला आहे. एखाद्या चित्रपटात धर्मगुरूचे पात्र आहे, कोणाच्या गळ्यात क्रूस आहे किंवा चर्चच्या पायऱ्यांवर नायक-नायिकेचे गाणे आहे, एवढी बातमी कानी आली की निषेधाचा मजकूर तयार होतो. तो एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर धावू लागतो आणि रविवारच्या मिस्सेनंतर धर्मगुरूंसमोर सह्यांचा कागद येतो. "फादर, तुम्हीही सही करा." चित्रपट कोणी पाहिला आहे काय, असे विचारले तर उत्तर मिळते, "छे! असला चित्रपट पाहायचा कशाला?" जो पाहिला नाही त्याचा निषेध करायचा आणि जे चित्रपट रोज घरात बसून पाहतो त्यांच्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, असा हा प्रघात आहे. त्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच सांगून टाकतो: आम्ही चित्रपट पाहतो, आवडीने पाहतो. धर्मगुरूने चित्रपटगृहाची पायरी चढावी काय, असा प्रश्न अजूनही काही भाविक विचारतात. त्यांच्या माहितीसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली केवळ चित्रपट या विषयावर विश्वपत्र लिहिले. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांवर दुसरे विश्वपत्र काढले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी आपले पहिले दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यांतला एक पवित्र उपासनेविषयी होता आणि दुसरा समाजसंपर्काच्या माध्यमांविषयी. मिस्साबलिदान आणि चित्रपट यांचा विचार परिषदेने एकाच दिवशी जगापुढे ठेवला, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. त्या दुसऱ्या दस्तऐवजात असेही म्हटले आहे की, कलेतून दुष्टाईचे चित्रण झाले तर त्यामुळे माणसाची अधिक सखोल ओळख होऊ शकते आणि सत्य व चांगुलपणा यांचे तेज अधिक उजळू शकते. मात्र ते चित्रण नैतिक संयमाने झाले पाहिजे. म्हणजे पडद्यावर पाप दिसले एवढ्यावरून चित्रपट पापी ठरत नाही. हे आमचे मत नव्हे, ख्रिस्तसभेचे आहे.

आणि भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत तर आपल्या प्रभूचाच वाटा आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचे जीवन उलगडत असताना आपल्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण येत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्या ध्यासातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निर्माण झाला. त्र्यंबकेश्वरच्या एका श्रद्धाळू हिंदू कुटुंबात जन्मलेल्या माणसाने परक्या धर्माची कथा मोकळ्या मनाने पाहिली आणि तिच्यातून आपल्या श्रद्धेसाठी बळ घेतले. फाळके त्या दिवशी भावना दुखावून घेऊन बाहेर पडले असते, तर या देशातल्या चित्रपटाचा इतिहास कदाचित वेगळाच झाला असता.

आता आपल्या निषेधांचा हिशेब मांडू या. २००६ साली 'द दा विंची कोड' आला. गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. सेन्सॉर मंडळाने कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडायला लावून प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. आपल्या सभा झाल्या, मोर्चे निघाले. निष्पन्न काय झाले? त्या चित्रपटाने जगभरात सुमारे ७६ कोटी डॉलरांचा गल्ला जमवला. मूळ कादंबरीचा भर असा की, प्रभू येशूचे देवत्व ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत मतदानाने ठरले. हे धादांत खोटे आहे. परंतु त्या निमित्ताने आपल्यापैकी किती जणांनी नायसियाचा इतिहास उघडून वाचला? दर रविवारी आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्याचे नाव या परिषदेशी जोडलेले आहे, हे किती तरुणांना सांगता आले? आपण बंदी मागितली, उत्तर दिले नाही. पुढे २०१२ साली 'कमाल धमाल मालामाल' या विनोदी चित्रपटातील धर्मगुरूच्या चित्रणावर आक्षेप घेतला गेला आणि काही दृश्ये कापली गेली. विजय मिळाला म्हणून आपण खूश झालो. आज तो चित्रपट कोणाच्या स्मरणात तरी आहे काय?

त्याच्याशेजारी दुसरे उदाहरण ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये 'अॅनिमल' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. बापाच्या प्रेमाला भुकेलेला मुलगा सव्वातीन तासांहून अधिक वेळ माणसे मारीत सुटतो आणि आपल्यावर प्रेम असल्याचे सिद्ध करण्यासाठी एका स्त्रीला बूट चाटायला सांगतो. प्रमाणपत्र प्रौढांसाठीचे होते; तरीही आठवी-नववीच्या मुलांच्या तोंडी त्यातले संवाद आम्ही ऐकले. आई-वडिलांनी कौतुकाने ते म्हणवून घेतलेलेही पाहिले. त्या चित्रपटाविरुद्ध सह्यांचा एकही कागद आमच्यासमोर आला नाही. का? तर त्यात फादरांची टिंगल नव्हती. आपल्या मुलांच्या मनातली स्त्रीची प्रतिमा मलिन झाली तर चालते, आपली प्रतिमा मलिन होता कामा नये! हा धर्माभिमान नव्हे. याला फार तर जातभाईंचा मानापमान म्हणता येईल.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसावर अन्याय केला आहे, हे आम्हांला मान्य आहे. 'बॉबी'तला (१९७३) जॅक ब्रॅगान्झा बाटलीशिवाय दिसत नाही. 'ज्युली'तल्या (१९७५) ख्रिस्ती घराचा पिता दारूत बुडालेला. 'अमर अकबर अँथनी'तला (१९७७) अँथनी दारूचा गुत्ता चालवतो. आमच्या आया-बहिणी पहाटे उठून वाडीत राबल्या, भाजीच्या टोपल्या घेऊन आगगाडीने मुंबईला गेल्या, शाळांतून शिकवले, इस्पितळांतून रात्रपाळ्या केल्या. त्यांच्यापैकी कोणी पडद्यावर क्वचितच आले. परंतु याच चित्रसृष्टीने 'अनाडी'तली (१९५९) मिसेस डिसाही दिली. हृषीकेश मुखर्जींचे दिग्दर्शन आणि आपल्या ललिता पवारांचा अभिनय. भाडेकरू पोरावर सदा करवादणारी आणि त्याच्या ताटात गुपचूप आईची माया वाढणारी ती म्हातारी ज्याने पाहिली, त्याला ख्रिस्ती शेजारीण म्हणजे काय हे कोणत्याही प्रवचनावाचून कळले. तेव्हा खोटे चित्रण झाले तर ते खोटे आहे असे म्हणावे, पुराव्यानिशी म्हणावे, वारंवार म्हणावे. आमचा वाद त्याच्याशी नाही. आमचा वाद आहे तो 'आपल्याला दुखावते ते खोटे' या समजुतीशी.

कारण ही समजूत शुभवर्तमानाच्या कसोटीला उतरत नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या त्या वाटेवर एक मनुष्य लुटारूंच्या हाती सापडून अर्धमेला पडला होता. त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करून पलीकडून निघून गेले ते कोण? एक याजक आणि एक लेवी. मंदिराचे सेवक! आणि थांबला कोण? ज्याला ऐकणारे लोक पाखंडी समजत होते तो शोमरोनी. आपल्या आजच्या निषेधसमितीपुढे हा दाखला ठेवला असता तर समितीने काय केले असते? "याजकवर्गाची जाणूनबुजून बदनामी, परधर्मीयाचे उदात्तीकरण, सदर प्रसंग वगळावा." प्रभूने ही गोष्ट शास्त्र्यालाच सांगितली, शेजारधर्म कोणाकडून शिकायचा हे त्याला कळावे म्हणून.

नाथान संदेष्ट्यानेही दावीद राजाला एक गोष्टच सांगितली होती. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची ती गोष्ट ऐकून राजा संतापला आणि मग संदेष्ट्याने बोट त्याच्याकडेच वळवले. दावीदाने संदेष्ट्याविरुद्ध सह्या गोळा केल्या नाहीत, तो रडला. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारले, ही लाजिरवाणी घटना चारही शुभवर्तमानकारांनी जपून ठेवली आहे. ख्रिस्तसभेच्या पहिल्या प्रमुखाची प्रतिमा राखण्यासाठी ती गाळावी, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचे भूषण असलेले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' का अजरामर झाले? रेव्हरंड टिळकांचा संताप, त्यांचा विक्षिप्तपणा, संसाराची झालेली ओढाताण यांतले काही त्यांनी झाकले नाही म्हणून. त्यामुळे टिळक आपल्याला लहान वाटत नाहीत, जवळचे वाटतात.

या दृष्टीने गेल्या काही महिन्यांत आम्ही पाहिलेल्या वा पुन्हा पाहिलेल्या काही चित्रपटांविषयी सांगतो.

पहिला 'स्पॉटलाइट'. हा २०१५ सालचा. २०१६ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. बोस्टन शहरातील धर्मगुरूंकडून बालकांचे झालेले लैंगिक शोषण आणि ते वर्षानुवर्षे झाकून ठेवणारी व्यवस्था 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाने जानेवारी २००२ पासून उघडकीस आणली; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. हा चित्रपट आपल्या घरांतून जवळजवळ कोणी पाहिलेला नाही. "फादर, तो आपल्याविरुद्ध आहे" असे आम्हांला सांगितले जाते. ऑस्करनंतर व्हॅटिकनच्याच 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकात, हा चित्रपट कॅथलिकविरोधी नाही, असे छापून आले होते. रोमला जे म्हणता आले ते आपल्याला का म्हणता येऊ नये?

त्या चित्रपटात किंकाळ्या नाहीत, अंगावर येणारी दृश्ये नाहीत. आहेत ते कागद, दूरध्वनी, बंद होणारी दारे आणि बोलताना मध्येच थांबणारी प्रौढ माणसे. त्यातला एक लहानसा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. बातमीदार तरुणीची आजी नेमाने मिस्सेला जाणारी. नातीने लिहिलेली बातमी ती वाचते. वाचता वाचता थांबते आणि पाणी मागते. एवढेच. आपल्या धर्मग्रामांत अशा आज्या शेकड्यांनी आहेत. त्यांचा विश्वास कोणी मोडला? बातमी लिहिणाऱ्या नातीने, की बातमीत ज्यांची नावे आली त्यांनी? या प्रश्नाचे उत्तर देताना धर्मगुरूचा झगा अंगावर असलेल्या आम्हां मंडळींची जीभ अडखळणार असेल, तर आम्ही तो चित्रपट दोनदा पाहिला पाहिजे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा चित्रपट वृत्तपत्रालाही सोडत नाही. अशा धर्मगुरूंच्या नावांची यादी अनेक वर्षांपूर्वीच त्या दैनिकाकडे आली होती आणि आतल्या पानावर एक छोटी बातमी देऊन ती विस्मरणात गेली, हेही तो दाखवतो. वकील, न्यायालये, शाळा, शेजारी या सर्वांनी थोडे थोडे डोळे मिटले, असे तो सांगतो. विरोधासाठी काढलेला चित्रपट असे करीत नाही. सत्यासाठी काढलेला करतो. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये अशा प्रकरणांची माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थ यांना बंधनकारक केले. आपल्या देशात २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर पोलिसांना कळवणे हे प्रत्येक नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्या किती पालकांना हे ठाऊक आहे? एखाद्या धर्मग्रामाच्या सभागृहात 'स्पॉटलाइट' दाखवून त्यानंतर या कायद्याची माहिती दिली, तर ती ख्रिस्तसभेची बदनामी ठरेल की सेवा?

दुसरा 'कॉन्क्लेव्ह', २०२४ सालचा. पोपमहोदयांच्या निधनानंतर सिस्टीन चॅपेलमध्ये कोंडून घेतलेल्या कार्डिनलांची ही कथा. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले आणि अनेकांनी हा चित्रपट कुतूहलाने शोधून पाहिला. आपल्याकडेही "यात कार्डिनलांना राजकारणी दाखवले आहे" असा गलबला झाला. आमचे मत विचाराल तर या चित्रपटात खोट आहे, परंतु ती वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या कार्डिनलचे नाव पोपनी मनात ठेवले आणि जाहीर केले नाही, त्याला मतदानाचा हक्क मिळत नाही, असा धर्मनियम आहे. चित्रपटाचा सारा डोलारा या नियमाकडे दुर्लक्ष करून उभा आहे. शेवटची कलाटणी रहस्यकथेच्या कारखान्यात घडवलेली वाटते. मतांच्या बेरजा भरपूर आहेत, प्रार्थना थोडी आहे. हे दोष सांगितलेच पाहिजेत. परंतु महत्त्वाकांक्षा? ती प्रेषितांमध्येही होती. आपल्यात मोठा कोण, यावर ते प्रभूच्या समक्ष वाद घालीत होते आणि जब्दीच्या मुलांची आई तर पुत्रांसाठी उजवी-डावी आसने मागायला आली होती. त्या चित्रपटातला अधिष्ठाता कार्डिनल स्वतःची प्रार्थना कोरडी पडल्याने व्याकूळ आहे. ज्यांना आपल्या मताविषयी कधीच शंका येत नाही अशांची त्याला भीती वाटते. असा माणूस आमच्या दृष्टीने ख्रिस्तसभेचा अपमान नाही. प्रत्यक्षात ८ मे २०२५ रोजी १३३ कार्डिनलांनी चौथ्या फेरीत पोप लिओ चौदावे यांची निवड केली, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आपल्या मुलांना त्या काळ्या-पांढऱ्या धुराचा अर्थ आधीच ठाऊक होता. तो त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गाने शिकवला होता, की या चित्रपटाने, याचा विचार आपण करावा.

तिसरा चित्रपट 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'. पायल कपाडिया यांच्या या चित्रपटाला मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. यात ख्रिस्ती कोणी नाही म्हणून आपल्याकडे त्याची चर्चाही झाली नाही. मुंबईच्या एका इस्पितळातल्या दोन मल्याळी परिचारिका आणि तेथेच स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची पार्वती. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला, त्याचा ठावठिकाणा नाही. एके दिवशी भात शिजवायचे एक झकपक विदेशी यंत्र तेवढे घरी येऊन पडते. धाकटी अनू एका मुसलमान मुलावर प्रेम करते. पार्वतीने मुंबईत जन्म घालवला, पण नवऱ्याने मागे कागदपत्र ठेवले नाही. खोलीवर हक्क सांगायला तिच्याकडे पुरावा नाही आणि बिल्डरला जागा हवी आहे. छाया कदम यांनी ही बाई अशी उभी केली आहे की आपल्या वाड्यावस्त्यांवरची एखादी ओळखीची मावशीच वाटावी. शेवटी तिघी तिच्या गावी समुद्रकाठी जातात आणि इतके दिवस अनूला बोल लावणारी प्रभा तिला व त्या मुलाला आपल्या शेजारी बसवून घेते. कोणी उपदेश करीत नाही. एका कठोर झालेल्या मनातली गाठ सुटते, ती आपण पाहतो. प्रायश्चित्त संस्कार देण्यासाठी इतकी वर्षे बसल्यावर आम्ही एवढे सांगू शकतो की, अशी गाठ सुटताना दिसणे ही दुर्मीळ कृपा आहे.

"पण फादर, त्यात तशी दृश्ये आहेत." आहेत. हा चित्रपट मुलांना घेऊन पाहण्याचा नव्हे, हे आम्ही आधीच सांगतो. परंतु प्रौढांच्या कलेला बालवाडीचे माप लावू नये. १९२८ साली स्थापन झालेली 'ओसिक' ही आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपटसंस्था मोठमोठ्या महोत्सवांत आपले पारितोषिक देत असे. तिने १९५६ साली कान येथे सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चा विशेष गौरव केला आणि १९६५ साली बर्लिनमध्ये त्यांच्याच 'चारुलता'ला पारितोषिक दिले. 'चारुलता' ही कामात गढलेल्या पतीच्या घरात एकाकी पडलेल्या आणि दिराकडे ओढल्या गेलेल्या विवाहितेची कथा! कॅथलिक परीक्षकांना तीत व्यभिचाराचा प्रचार दिसला नाही, एका एकाकी जिवाविषयीची करुणा दिसली. साठ वर्षांपूर्वीचे ते परीक्षक आपल्यापेक्षा अधिक प्रगल्भ होते, असे म्हणावे लागते.

आपल्या स्वतःविषयीच्या चित्रपटांशी तरी आपण कसे वागलो? सईद अख्तर मिर्झा यांचा 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' हा १९८० सालचा चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. मुंबईचा मोटार-मेकॅनिक अल्बर्ट श्रीमंत गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवून स्वतःला त्यांच्यातला समजतो आणि संप करणाऱ्या कामगारांना गुंड म्हणतो. मग गिरणीत काम करणाऱ्या त्याच्या बापालाच, त्या संपात, भाडोत्री गुंडांकडून मार बसतो आणि अल्बर्टच्या रागाला दिशा सापडते. त्या आई-बापांच्या भूमिका सुलभा देशपांडे आणि अरविंद देशपांडे यांनी केल्या आहेत. पायाने अधू असलेली, साड्यांच्या दुकानात काम करणारी बहीण स्मिता पाटील यांनी. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा तो महासंप सुरू झाला आणि लाखांवर संसार उघडे पडले. मुंबईच्या कॅथलिक माणसाच्या श्रमाची, त्याच्या खोट्या मोठेपणाची आणि त्याच्या जागे होण्याची इतकी खरी कथा एका मुसलमान दिग्दर्शकाने सांगितली. आपल्या किती सभागृहांत ती दाखवली गेली? आपल्याविषयी चांगले चित्रपट निघत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी जे निघाले ते पाहिल्याचे सिद्ध करावे.

भक्तिपटांविषयीही थोडे बोलावे लागेल. ज्यात प्रभूचे डोळे निळे आणि झगा पांढराशुभ्र तो चित्रपट पवित्र, असे आपण मानतो. इटलीतील पिएर पाओलो पासोलिनी हा दिग्दर्शक निरीश्वरवादी, मार्क्सवादी. १९६३ साली एका लघुपटाबद्दल धर्माचा अवमान केला म्हणून न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली. ती पुढे रद्द झाली. त्याच माणसाने १९६४ साली संत मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला आणि तो पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीला अर्पण केला. दक्षिण इटलीतील दरिद्री गावकऱ्यांचे सुरकुतलेले चेहरे, येशूच्या भूमिकेत एक अननुभवी स्पॅनिश विद्यार्थी, दुःखी मरीयेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई. १९९५ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत त्याचा समावेश आहे. लघुपटाच्या वेळी ख्रिस्तसभेने या माणसाला कायमचे बहिष्कृत मानले असते, तर ही देणगी तिला घेताच आली नसती.

आपल्या मराठीतही धडा आहे. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' पाहा. तुकोबांच्या भक्तीइतकाच त्यात जिजाईच्या उपाशी मुलांचा आणि तिच्या संतापाचा मान राखला आहे. संताच्या बायकोला तक्रार करू देणारा भक्तिपट आपण ख्रिस्ती मंडळींनी अजून काढायचा आहे.

आता या साऱ्यावरचा गंभीर आक्षेप. "फादर, आपण मूठभर. देशात ठिकठिकाणी प्रार्थनास्थळांवर हल्ले होतात, धर्मांतराचे खोटे आरोप होतात. अशा वेळी आपल्या उणिवा दाखवणारे चित्रपट म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत." हे म्हणणाऱ्यांची भीती खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच आम्ही भेद करतो. आपल्याविषयी द्वेष पसरवण्यासाठी रचलेले असत्य वेगळे. त्याला कायद्याच्या मार्गाने, पुराव्याने, निर्भयपणे उत्तर दिले पाहिजे. आपली जखम दाखवणारे सत्य वेगळे. ते ऐकले पाहिजे. दोहोंना एकाच निषेधपत्रात गुंडाळले की खऱ्या अन्यायाच्या वेळी आपल्या ओरडण्याला किंमत राहत नाही. शिवाय बंदीचे हत्यार दुधारी आहे. आज आपण दुसऱ्याचा चित्रपट बंद पाडायला निघालो, तर उद्या आपली प्रार्थनासभा बंद पाडणाऱ्याला कोणत्या तोंडाने विरोध करणार? अल्पसंख्याकांचे रक्षण घटनेतले स्वातंत्र्य करते. ते स्वातंत्र्य आखडले तर पहिला मार आपल्यालाच बसणार आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. चित्रपट पाहिल्याखेरीज त्याच्या निषेधावर सही करू नये व तो मजकूर पुढे पाठवू नये. धर्मगुरूंनीही प्रवचनपीठावरून न पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलू नये. पालकांनी प्रमाणपत्र वाचावे. २०२४ पासून सेन्सॉर मंडळाने यूए वर्गात ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट केले आहेत. ते आकडे शोभेसाठी नाहीत. प्रत्येक धर्मग्रामाने दोन-तीन महिन्यांतून एकदा एक चांगला चित्रपट सभागृहात दाखवावा आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. पोप लिओ यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये चित्रपट-कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले, त्या वेळी त्यांच्या आवडीचे चार चित्रपटही जाहीर झाले. त्यांत मुलाच्या मृत्यूनंतर आतून मोडत चाललेल्या एका घराची कथा सांगणारा 'ऑर्डिनरी पीपल' (१९८०) आहे. सुरुवात त्यापासून करता येईल. असे घर प्रत्येक धर्मग्रामात असते.

आणि घरी चित्रपट पाहून झाल्यावर दूरचित्रवाणी बंद करून लगेच झोपायला जाऊ नये. शोमरोन्याची गोष्ट संपवल्यावर प्रभूने स्वतः निष्कर्ष सांगितला नाही. त्या तिघांपैकी जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, हे त्याने ऐकणाऱ्यालाच विचारले. आपणही मुलांना विचारावे: या गोष्टीत मार कोणी खाल्ला, पाहूनही पुढे कोण निघून गेले आणि थांबले कोण? मुले काय उत्तर देतात ते शांतपणे ऐकावे. त्यांच्या उत्तरात पुढे निघून गेलेला माणूस कधी आपल्यासारखा निघाला, तरीही ऐकावे.